चष्म्यावरची वाफ आणि सुशीचं लग्न

चष्मा लावला की माझे डोळे उत्तम आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण एका हिवाळ्यात निगडीपासून चाकणपर्यंतच्या निम्म्या लोकांची खात्री झाली होती की मी आंधळा आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटत होतं की मी सकाळी सकाळी पिऊन गाडी चालवतो. पिण्याबद्दल कुणी फारशी हरकत घेतली नाही. (आमच्याकडे कारखाने तीन शिफ्टमध्ये चालतात, त्यामुळे पिणारा माणूस कुठल्याही वेळी कुठूनही येताना दिसतो.) आंधळेपणा मात्र अंगाशी आला. कारण त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुशीचं, लग्न जमायच्या बेतात होतं.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. मी पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. पिस्टनवरचा केसाएवढा ओरखडा हुडकून काढायचा आणि ज्याच्या मशीनवर तो पडला त्याच्या शिव्या खायच्या, असं माझं काम. म्हणजे पगार मला बघण्याचाच मिळत होता! वडील वारले तेव्हा आम्ही निगडीच्या प्राधिकरणात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. आजूबाजूला सगळे मोकळे प्लॉट आणि गवत. डिसेंबरात तिथे असा वारा सुटायचा की वाळत घातलेले कपडे ओलेच कडक व्हायचे. या वाऱ्यात मी सेकंडहँड मोटारसायकल घेतली. सकाळी सातची शिफ्ट. घरात मी, माझी बायको मालती, सुशी आणि आई. आणि आईला एक वैद्यकशास्त्र येत होतं.

लहानपणी मला बाळदमा होता. तो सातव्या वर्षी गेला. पण आईच्या मते तो कुठे गेला नव्हता, कोपऱ्यात दबा धरून बसला होता. "वारा नाकातनं शिरतो, छातीत बसतो आन् मानसाला घेऊनच उठतो," असं ती सांगायची. त्यावर उपाय म्हणून तिने तपकिरी लोकरीचा चार हात लांब मफलर विणला. रोज सकाळी सव्वासहाला ती मला दारात उभं करून तो स्वतःच्या हाताने बांधायची. एक वेढा डोक्याला, एक कानांना, दोन तोंडानाकावरून आणि मागे मानेवर अशी गाठ, की ती सोडायला कंपनीत मला फिटर लागायचा. बत्तीस वर्षांचा माणूस, एका मुलाचा बाप व्हायच्या तयारीत असलेला, दारात मान ताठ करून उभा! आत मालती तोंडात पदर घालून हसतेय.

पहिल्याच दिवशी आकुर्डीच्या पुढे जग नाहीसं झालं.

आधी मला वाटलं, धुकं आहे. मग वाटलं, फारच धुकं आहे. मग हात लावून बघितलं तर धुकं माझ्या चष्म्याच्या आतल्या बाजूला होतं! बोटाने पुसलं, फर्लांगभर दिसलं, परत गेलं. परत पुसलं, परत गेलं. एका हाताने चष्मा पुसत दुसऱ्या हाताने मोटारसायकल चालवणं सर्कशीत ठीक आहे, मुंबई-पुणे रस्त्यावर नाही. चिंचवडजवळ पुढे ट्रक थांबलेला दिसला, म्हणजे ट्रकसारखं काहीतरी मोठं दिसलं. म्हटलं, रस्ता तुंबलाय. मीही थांबलो. दहा मिनिटं झाली. कंटाळून हॉर्न दिला. तर ट्रकचा क्लीनर, तोंडात मशेरीचं बोट तसंच ठेवून, माझ्याजवळ आला.

"काय पाहिजे साहेब?"

"पुढे काय झालंय?"

"पुढं काही नाही. आम्ही काल रात्रीपासून इथंच उभे आहोत."

त्या दिवशी मला हाफ डे लागला.

मग मी एक युक्ती काढली आणि तीच पुढे माझ्या मुळावर आली. वाफ धरलेल्या चष्म्यातून एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे लाल दिवा. आमच्या कंपनीची बस निगडीच्या नाक्यावरून सहा पंचविसाला सुटायची. तिच्या मागचा लाल दिवा धरायचा. तो वळला की आपण वळायचं, तो थांबला की आपण थांबायचं. महिनाभर मी असा बिनचूक कंपनीत पोचलो. शिफ्ट सुटताना ऊन असायचं, तेव्हा परतायचा प्रश्न नव्हता. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मोटारसायकल मी चालवतच नव्हतो, ती बसचा ड्रायव्हर चालवत होता. पेट्रोल फक्त माझं.

अशात सुशीचं स्थळ आलं.

सुशी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, शाळेत मास्तरीण. आधी तीन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण प्रत्येक वेळी कपबश्या विसळताना ती फार वेळ विसळायची. वडील नाहीत, म्हणजे हे माझ्या डोक्यावर होतं, आणि ते मला खरोखर टोचत होतं. चौथा मुलगा अरुण. भोसरीला एका कंपनीत वायरमन. दोघं एकदा भेटले, बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सुशी भाकऱ्या थापताना गुणगुणत होती! मालतीने मला कोपराने ढोसलं. "यावेळी घोटाळा करू नका हं," ती म्हणाली. मी काय घोटाळा करणार?

आम्ही बौद्ध. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. त्यामुळे ग्रहांवर ढकलता येईल असं काही उरत नाही, मंडळी थेट माणसंच बारकाईने बघतात. अरुणचे वडील नामदेवराव चाकणचे. आयुष्यभर पोस्टमन. चाळीस वर्षं घरोघर पत्ते हुडकत हिंडलेला माणूस, काही नजरेतून सुटायचं नाही. त्यात अरुणचा मामा आमच्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन निघाला. आईने मला बजावलं, "रोज मोठ्या तोंडानं जयभीम घाल त्यास्नी. गाडीवरनं उतरून."

मी दुसऱ्या दिवशी गेटवर गाडी थांबवली. उतरलो. दोन्ही हात जोडून म्हणालो, "जयभीम मामा! तब्येत बरी ना? एकदा मामींना घेऊन घरी या. सुशी फार आठवण काढते."

मामा काही बोलले नाहीत. माणूस मानी दिसतो, असं वाटलं. असा सलग आठ दिवस मी त्यांना जयभीम घातला, एकदा वाकून नमस्कारही केला. नवव्या दिवशी इन्स्पेक्शनमधला माझा जोडीदार काळे मला बाजूला घेऊन म्हणाला, "राव, एक विचारू? तू रोज त्या आगीच्या बादल्यांशी काय बोलतोस?"

"कुठल्या बादल्या?"

"गेटजवळ वाळूच्या लाल बादल्या टांगल्यात ना? वॉचमन शेजारी स्टुलावर चहा पीत बसलेला असतो. त्याच्याकडे तू ढुंकून बघत नाहीस, आणि बादल्यांना सहकुटुंब घरी बोलावतोस!"

तोवर बातमी चाकणला पोचली होती. आणि जाता जाता वाढलीही होती. पोराचे डोळे गेलेत, बापाचेही असेच गेले होते (वडिलांना म्हातारपणी मोतीबिंदू झाला होता, तो काढला, नंतर ते पेपर वाचत वारले), घराण्यातच आहे, चाळिशीत सगळे आंधळे होतात, पोरगीही होणार! सुशीला कुणीतरी हे शाळेत येऊन सांगितलं. त्या संध्याकाळी तिने परत कपबश्या फार वेळ विसळल्या. मी तिच्या मागे उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "सुशे, मी बंदोबस्त करतो." ती म्हणाली, "नको दादा." पण माझा निश्चय झाला होता.

बंदोबस्त म्हणजे वाफेचा. मोटारसायकल ज्यांच्याकडून घेतली ते कासारवाडीचे मेकॅनिक उस्मानभाई म्हणाले, "देखो भाऊ, काचेला साबण लावायचा. कोरडा. सगळे लावतात." लावला. दुसऱ्या दिवशी दव पडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे फेस आला. तशी म्हण आहे हे मला माहीत होतं, अनुभव पहिल्यांदा आला. शेजारच्या काकूंनी बटाटा चोळायला सांगितला. बटाटा वाळून काचेवर पांढरी खळ धरली आणि मी दिवसभर इन्स्पेक्शनमध्ये चांगले पिस्टन ओरखडे आहेत म्हणून बाद केले. फोरमनने तोंड सोडलं ते वेगळंच. शेवटी चाकणचा कांदा नेणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याचं गुपित सांगितलं, "तंबाखू ओली करायची, पुढच्या काचेवर फिरवायची. पावसात थेंब टिकत नाही, वाफ धरत नाही."

ट्रकच्या काचेचं खरं असेल. पण ट्रकची काच माणसाच्या डोळ्यांपासून हातभर लांब असते, ही गोष्ट त्याने सांगितली नाही आणि मला सुचली नाही. आकुर्डीपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. चिंचवडला धारा लागल्या. कंपनीत पोचलो तेव्हा मी हुंदके देत होतो, कारण तंबाखू नाकातही गेली होती. फोरमन धावत आला.

"अरे काय झालं? घरी काही...?"

मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, काही नाही.

"आई?" त्याने हळूच विचारलं.

मला शिंक आली. ती दाबताना मान खाली गेली. फोरमनने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाद केलेल्या पिस्टनचं सगळं माफ करून टाकलं आणि मला घरी पाठवलं. चला, सुट्टी मिळाली म्हणून मी घरी येऊन डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवून झोपलो. संध्याकाळी पाच वाजता कंपनीतले बाराजण दारात. पुढे काळे, त्याच्या हातात हार. आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. काळे तिला ओळखत नव्हता.

"मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आई कधी गेल्या?"

"कुटं गेल्या?" आई म्हणाली. "मी हितंच हाय की सकाळपास्नं!"

बाराजण एकमेकांकडे बघायला लागले. मी आतून बाहेर आलो, डोळे लालभडक, आणि सगळ्यांना वाटलं की दुःखाने मला भ्रम झालाय. काळेने हार पाठीमागे लपवला. शेवटी मालतीने सगळ्यांना चहा केला. आईला खरं काय ते कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मफलर मात्र बांधत होती, रागामुळे जरा आणखी घट्ट.

या बाराजणांत एक चाकणचा होता! चौथ्या दिवशी गेटवरच्या मामांनी मला अडवलं. (या वेळी मी खात्री करून घेतली की ते मामाच आहेत. हात लावून बघितला.) "दाजींचा निरोप हाय," ते म्हणाले. "ते येत्या बेस्तरवारी पहिल्या एस.टी.नं येत्यात. नाशिक फाट्याला उतरतील. तुमी फटफटी घेऊन न्यायला यायचं. मागं बसून ते सोता बघनार हाईत, पोराला दिसतंय का न्हाई."

म्हणजे माझी परीक्षा! मी जर नामदेवरावांना फाट्यापासून निगडीपर्यंत धडपणे आणलं तर लग्न, नाहीतर चहा. सुशी म्हणाली, "दादा, तू रिक्षाने आण त्यांना." पण रिक्षा केली की आंधळेपणा कबूल! मालती म्हणाली, "गाडी हळू चालवा." आई म्हणाली, "आन् खोकायचं न्हाई. डोळ्यांचं झालं तेवढं लई झालं, आता दम्याचं कळलं तर पोरगी घरातच ऱ्हाईल." हा मुद्दा बिनतोड होता. डोळे वाचवायला जावं तर छाती उघडी पडणार. त्या गुरुवारी आईने मफलरचा नाकावरून तिसरा वेढा दिला.

नामदेवराव फाट्यावर उभे होते. उंच, काटक, कोट, डोक्याला टोपी, हातात स्टीलचा डबा. जयभीम झाला. मी त्यांच्यासमोर चष्मा काढून लख्ख पुसला, लावला, आणि मुद्दाम लांबची एक पाटी वाचून दाखवली. ते नुसतं "हं" म्हणाले आणि मागे बसले. पवनेवरून धुकं आलं होतं. किक मारली आणि शंभर पावलांत बाहेरचं धुकं आणि आतली वाफ एक झाली.

हाताने पुसावं तर परीक्षक मागेच! मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात उजवीकडून एक बस पुढे गेली आणि समोर आला तो ओळखीचा लाल दिवा. तिसरी शिफ्ट सुटली की आमची बस माणसं निगडीला सोडायला जायची. असा आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता. मी दिवा धरला.

मागून प्रश्न सुरू झाले.

"हे डाव्या अंगाला काय हाय?"

"पिंपरी स्टेशन," मी मफलरमधून म्हणालो. रस्ता पाठ होता.

"आन् ह्यो वास?"

"रबराचा कारखाना."

"आता?"

"चिंचवड."

"बराबर हाय," नामदेवराव म्हणाले. माझी छाती फुगली. चष्म्यावर आणखी वाफ आली.

"समोरनं काय येतंय?"

हे पाठ नव्हतं. "ट्रक," मी ठोकून दिलं.

"बैलगाडी हाय."

"हां, ती ट्रकच्या मागची."

ते गप्प झाले. मी दिव्यावर लक्ष ठेवलं. आकुर्डी गेली. मग बराच वेळ काहीच गेलं नाही. निगडी आज जरा लांब गेल्यासारखी वाटत होती, पण घाबरलेल्या माणसाला रस्ता लांबच वाटतो. अखेर दिवा वळला, मी वळलो. दिव्याचा वेग कमी झाला, माझा झाला. काहीतरी मोठं उघडल्याचा आवाज आला, बस आत गेली, तिच्यामागे आम्ही गेलो. बस थांबली.

"आलो बघा!" मी म्हणालो. आता एवढं मैदान मारलंय तर शेवटचा घाव घालावा म्हणून हात लांब करून दाखवायला लागलो. "ही आमची कॉलनी. समोर तो शेजारच्या काकूंचा बंगला. आणि ती दारात शाल पांघरून उभी आहे ना, ती माझी आई."

"थम! हाथ ऊपर!" आई म्हणाली.

आईला सर्दी झाली असावी, असं एक क्षणभर मला खरंच वाटलं. मग तिच्या खांद्यावर बंदूक दिसली. मी दोन्ही हात वर केले. मोटारसायकलचा क्लच सुटला, तिने एक उडी घेतली आणि आडवी झाली. मी, नामदेवराव आणि स्टीलचा डबा, तिघं तीन दिशांना.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. इथली शेंबडी पोरंही हे जाणतात. मी स्वतः त्या दिवशी सुट्टीवर होतो, म्हणूनच तर पाहुण्यांना आणायला गेलो होतो! पण गुरुवारी आपली कंपनी बंद, म्हणजे आपली बसही बंद, म्हणजे पुढचा लाल दिवा आपला नव्हे, एवढी तीन पावलं माझं डोकं चाललं नाही. तो दिवा देहूरोडला लष्कराच्या हद्दीत कामगार घेऊन जाणाऱ्या बसचा होता. त्यांना गुरुवारची सुट्टी नव्हती.

आम्हाला एका खोलीत बाकावर बसवलं. लाडवांचा डबा पहारेकऱ्याने आधी दुरून काठीने उघडला. शेंगदाण्याचे होते. प्रत्येक लाडू फोडून बघितला. नामदेवराव ताठ बसून बघत होते. पोस्टात इतकी वर्षं काढली, एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं, आणि आज स्वतःच येऊन पडले होते.

"काका," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "निगडी मागे राहिली तेव्हा तुम्ही बोलला का नाही?"

"मी म्हनलं, बघावं तरी कुटवर जातोय," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं लोनावळा."

सुभेदार आले. साताऱ्याकडचे, पिकलेल्या मिश्या, चष्मा. मी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. "तोंड बघू," ते म्हणाले. दोन शिपायांनी मिळून माझ्या आईची गाठ सोडली. मफलर उतरला. माझ्या चष्म्यातून भिंतीवरच्या घड्याळापासून सुभेदारांच्या बटणांपर्यंत सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मी सगळं सांगून टाकलं. बादल्या, बटाटा, तंबाखू, आई वारली ते, बहिणीचं लग्न, लाल दिवा. "साहेब, माझे डोळे चांगले आहेत हो. फक्त चष्म्यावर वाफ धरते. का धरते ते कळत नाही. मी सगळं करून बघितलं."

सुभेदारांनी टेबलावरचा मफलर उचलला. स्वतःच्या नाकातोंडाभोवती धरला. दोनदा जोरात श्वास सोडला. आणि आमच्या सगळ्यांदेखत त्यांचा चष्मा पांढराफटक झाला.

मग तो बंदूकवाला पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

"आरं मर्दा," सुभेदार चष्मा पुसत म्हणाले, "सोताची वाफ सोताच्या डोळ्यावर सोडतुयास व्हय? नाक उघडं ठेव की!"

दोन तासांनी, वरून फोन येऊन खातरजमा झाल्यावर, त्यांनी आम्हाला सोडलं. फुटलेले लाडूही परत दिले, त्यातले तीन कमी होते. मी मफलर गळ्यात टाकून गाडी काढली. ऊन आलं होतं. रस्ता, झाडं, मैलाचे दगड, सगळं सुईच्या टोकासारखं स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्यातलं काहीही बघायची इच्छा नव्हती. सुशीला काय सांगायचं? बत्तीस वर्षांचा भाऊ, तोंडावर चार हात लोकर गुंडाळून दोन महिने आंधळा फिरला, आणि त्यापायी तुझं लग्न मोडलं? निगडीच्या नाक्याजवळ नामदेवराव सुटका झाल्यापासून प्रथमच बोलले.

"तुमच्या घरान्यात डोळ्यांचा दोष न्हाई. पटलं मला."

"आभारी आहे काका," मी म्हणालो. जीव भांड्यात पडला.

"दोष डोक्याचा हाय. त्यो पोरीत उतरलाय का, तेवढं बघितलं पायजे."

दारात आई, खरी आई, उभी होती. आम्हाला बघून तिने पहिली किंकाळी फोडली ती "नाक उघडं!" अशी. नामदेवराव तिच्या बाजूने आत जाऊन खुर्चीवर बसले. कोटाला माती, गुडघ्याला खरचटलेलं. मालतीने पाणी दिलं. सुशी समोर येऊन उभी राहिली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं असेल ते तिला बहुतेक कळलं. तिचा चेहरा उतरला. मी भिंतीला टेकलो.

"पोरी," नामदेवराव म्हणाले, "शाळा, शिक्षन, सैपाक, मी काय बी इचारनार न्हाई. येकच सवाल. थंडीचं दिस हाईत. फटफटीवर मानूस चाललाय, नाकावर मफलर हाय, आन् चष्म्यावर वाफ धरलीया. काय करशील?"

सुशीने विचारसुद्धा केला नाही.

"मफलर नाकाखाली ओढीन."

आईने तोंडावर हात ठेवला. नामदेवरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"आन् मंग ह्ये तुज्या भावाला का न्हाई सांगितलंस?"

"पहिल्या दिवसापासून सांगतेय," सुशी म्हणाली. "सकाळी सांगावं तर मफलर कानांवर असतो, त्याला ऐकू जात नाही. संध्याकाळी सांगावं तर मफलर सुटलेला असतो, मग तो मला बोलूच देत नाही."

नामदेवराव इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईने सवयीने मफलर उचलला. मग त्यांनी डबा उघडून फुटक्या लाडवाचा एक तुकडा सुशीच्या हातावर ठेवला. "मुलगी शानी हाय," ते म्हणाले, "माज्याकडनं पक्कं."

लोकांत सांगायची पद्धत अशी की मुलीकडची माणसं चांगली होती म्हणून लग्न जमलं. आमच्या सुशीचं लग्न माझ्याकडे बघूनसुद्धा जमलं.